पुणे आणि परिसरातील संग्रहालये व प्रेक्षणीय स्थळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पाहुणे येतात, यादी हातात घेऊन निघतात आणि संध्याकाळी थोडे निराश होऊन परततात, असे पुष्कळदा घडते. या शहराचे बरेचसे वैभव लाकडाचे होते आणि ते जळाले किंवा पाडले गेले. त्यामुळे एखाद्या ठिकाणी मूळचे काय उभे आहे, नंतर बांधलेले काय आहे आणि कशाचा केवळ पाया शिल्लक आहे, हे आधी ठाऊक असेल तर तीच जागा वेगळी दिसते. पुढील उत्तरे हे सूत्र धरून लिहिली आहेत.

पुणे पाहण्यासाठी किती दिवस काढावेत?

जुन्या पेठा आणि संग्रहालये यांसाठी दोन दिवस, आगाखान पॅलेस व छावणीकडील भागासाठी आणखी एक, आणि सिंहगड किंवा कार्ले-भाजे यांपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र दिवस, असा हिशेब धरावा. एका दिवसात दहा ठिकाणे उरकणाऱ्या सहली निघतात. पण त्यांत प्रत्येक जागी जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि एकट्या केळकर संग्रहालयालाच किमान दोन तास द्यावेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

हाताशी एकच दिवस असेल तर काय पाहावे?

सकाळी लवकर कसबा पेठेतून सुरुवात करावी. पुण्याचे ग्रामदैवत असलेल्या कसबा गणपतीचे दर्शन घेऊन लाल महाल आणि शनिवारवाडा पाहावा, तेथून बुधवार पेठेतून चालत विश्रामबागवाड्याकडे यावे आणि पुढे शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे. हे सारे पायी होण्याजोगे आहे. उरलेली दुपार आगाखान पॅलेसला द्यावी. कसबा पेठेत वेळ मिळाला तर तांबट आळीतून अवश्य जावे. तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे काम तेथे अजूनही चालते आणि आळी दिसण्यापूर्वी ठोक्यांचा आवाज कानावर येतो. पुण्याच्या जुन्या पेठांची ओळख करून घेण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

शनिवारवाड्यात नेमके काय उरले आहे?

हा प्रश्न आत जाण्यापूर्वीच विचारला पाहिजे, कारण उत्तर ठाऊक नसलेला माणूस दिल्ली दरवाजातून मोठ्या अपेक्षेने आत शिरतो आणि समोर हिरवळ व दगडी जोती पाहून गोंधळतो. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, तोही शनिवारच, वास्तुशांत झाली. बांधकामाला त्या काळी १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. तटबंदी, बुरूज आणि आतील आणखी इमारती पुढच्या पेशव्यांच्या काळात वाढत गेल्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील लाकडी महाल जवळजवळ संपूर्ण भस्मसात झाले.

आज पाहायला मिळतात ती तटबंदी, पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरील नगारखाना, महालांची जोती आणि कारंज्यांचे अवशेष. दिल्ली दरवाजाच्या भक्कम फळ्यांवर बसवलेले अणकुचीदार लोखंडी खिळे जवळून पाहावेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये यासाठी ती योजना होती. दरवाजातून आत जाणारी वाट सरळ नाही, ती वळण घेते, आणि त्यामागेही शत्रूचा जोर मोडण्याचाच विचार आहे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे आता कोरडे असले तरी त्याची रचना नीट समजते. नंतर नगारखान्यावर जाऊन खाली पाहिले की एकेका जोत्याचा आकार, चौक आणि मधल्या वाटा यांचा नकाशाच डोळ्यांसमोर उलगडतो. जमिनीवरून जे विस्कळीत वाटते, ते वरून सुसंगत दिसते. म्हणून आधी वर जावे आणि मग आत हिंडावे.

‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

हत्या खरी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, नारायणराव पेशव्यांना याच वाड्यात गारद्यांनी ठार केले. रघुनाथरावांच्या आज्ञेतील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट घरोघरी सांगितली जाते, परंतु ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. या प्रकरणात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे : न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द रघुनाथरावांना दोषी धरले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. सत्ताधाऱ्याला त्याच्या तोंडावर असा निवाडा ऐकवणारा माणूस या गावात होऊन गेला, हे मुलांना भुताच्या गोष्टीऐवजी वाड्यात उभे राहून सांगावे.

लाल महाल शिवकालीन आहे का?

जागा ती आहे, इमारत मात्र नाही. शहाजीराजांनी बांधलेल्या मूळ लाल महालात बाल शिवाजी आणि जिजाबाई यांचे वास्तव्य होते, आणि एप्रिल १६६३ मध्ये शायिस्तेखानावर महाराजांनी रात्रीचा छापा घातला तो याच ठिकाणी. मूळ वास्तू काळाच्या ओघात नाहीशी झाली. आताची वास्तू पुणे महानगरपालिकेने १९८०च्या दशकात उभारली.

केळकर संग्रहालयात एवढे काय आहे?

पुण्यातले एकच संग्रहालय पाहायचे असेल तर हे पाहावे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. त्यांचा मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला. संग्रहालयाला त्याचे नाव दिले आहे. केळकरांनी देशभर हिंडून, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि पुढे हा सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. जागेअभावी त्यातील काही भागच एका वेळी मांडता येतो.

राजेरजवाड्यांची संग्रहालये आपल्याकडे अनेक आहेत. येथे मात्र घरातल्या माणसाच्या हाताळणीतली वस्तू मध्यभागी आहे : दिवे, समया, अडकित्ते, पानाचे डबे, कुलपे, दौती, फण्या, वज्री, सारीपाट, स्वयंपाकघरातील भांडी, कोरीव दरवाजे, चित्रकथी परंपरेतील चित्रे आणि वाद्यांचे मोठे दालन. अडकित्त्यांपाशी थांबून पाहा. सुपारी कातरण्यासारख्या साध्या कामासाठी कोणी त्याला पोपटाचा आकार दिला, कोणी घोड्याचा, कोणी जोडप्याचा. वस्तू रोज वापरायची आहे म्हणून ती कशीही असली तरी चालेल, असे त्या कारागिरांना वाटत नव्हते. वज्री म्हणजे अंग घासण्याची ठिकरी. तिच्यावरसुद्धा पक्षी आणि प्राणी घडवलेले दिसतात. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सोबत न्यावे, कारण फलकावर नसलेली माहिती त्या सहज सांगतात आणि आपल्या आजीच्या घरी असेच होते, म्हणून कितीतरी वेळ एका कपाटासमोर उभ्या राहतात.

येथील मस्तानी महाल हे दालन कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून पुन्हा उभे केलेले आहे. ते पाहताना वास्तू मूळ जागी नाही, हे ध्यानात असू द्यावे. तरीही केळकरांनी ती हलवली नसती तर आज काहीच उरले नसते.

विश्रामबागवाडा आणि शनिवारवाडा यांत फरक काय?

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. पेशवाईतील लाकडी वाडा कसा असे, हे पाहण्यासाठी आता शनिवारवाड्यापेक्षा हीच जागा उपयोगी पडते. दर्शनी भागातील कोरीव सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब यांसाठी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून पाहावे. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेजची परंपरा उगवली. १८७९ च्या आगीत वाड्याचा दर्शनी भाग जळाला होता. तो पुन्हा उभारण्यासाठी लोकांनी वर्गणी दिली.

आगाखान पॅलेसला किती वेळ द्यावा आणि तेथे काय पाहावे?

दीड तास पुरतो, पण घाई करू नये. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी १८९२ मध्ये, दुष्काळात सापडलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे या हेतूने, हा प्रासाद बांधवला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ ठरावानंतर मुंबईत अटक झालेल्या गांधीजींना येथे आणून स्थानबद्ध करण्यात आले आणि ते ६ मे १९४४ पर्यंत येथेच होते. कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, प्यारेलाल आणि डॉ. सुशीला नायर हेही येथे बंदिवासात राहिले.

आत आल्यावर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाईंचे निधन झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी येथेच एकवीस दिवसांचे उपोषण केले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी याच वास्तूत देह ठेवला. महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या मागच्या बाजूच्या आवारात आहेत. पुष्कळ लोक समोरच्या कमानींची छायाचित्रे काढून परततात आणि समाध्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. आमची विनंती आहे की उलट करावे : आधी मागे जावे, तेथे थोडा वेळ शांत बसावे आणि नंतर दालने पाहावीत. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला अर्पण केली.

महात्मा फुले यांच्या स्मृतीची कोणती ठिकाणे पाहता येतात?

जुन्या गंज पेठेतील, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतील, फुले वाडा हे त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे. जोतीराव आणि सावित्रीबाई येथे राहत, सत्यशोधक चळवळीच्या कामाचे केंद्र येथेच होते, आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधनही येथेच झाले. आवारातील विहीर आवर्जून पाहावी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद खुला केला होता. एवढे साधे कृत्य त्या काळी किती धाडसाचे होते, हे त्या आवारात उभे राहिले की उमगते. शनिवारवाडा आणि फुले वाडा यांमधील अंतर थोडे आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्याखेरीज पुण्याचा इतिहास अर्धाच कळतो.

मुलींची शाळा जेथे १८४८ मध्ये सुरू झाली तो बुधवार पेठेतील भिडे वाडा अत्यंत जीर्ण झाला होता. राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवण्यात आला, त्यामुळे मूळ वाडा आता दिसणार नाही.

शहरातील सर्वांत जुनी वास्तू कोणती पाहता येईल?

जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर. राष्ट्रकूट काळात, सुमारे आठव्या शतकात, एकसंध खडक खोदून केलेले हे शिवमंदिर रस्त्याच्या पातळीखाली आहे आणि वाहनांच्या गर्दीपासून पाच पावलांवर एकदम शांतता लाभते. समोरचा वर्तुळाकार नंदीमंडप इतरत्र सहसा आढळत नाही. कोरीव काम अपुरे राहिलेले आहे. मागच्या बाजूला काम कोठे थांबले ते स्पष्ट दिसते, आणि लेणी कशी खोदत हे समजून घ्यायला तो भाग पूर्ण झालेल्या मंडपापेक्षाही उपयोगी आहे.

पर्वती आणि सारसबाग एकत्र पाहता येतील का?

अवश्य. पर्वतीवरील देवदेवेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले. पानिपतच्या आघातानंतर जून १७६१ मध्ये नानासाहेबांचे निधन झाले तेही पर्वतीवरच. वर पेशव्यांच्या स्मृतींचे छोटे संग्रहालय आहे. सकाळी लवकर चढल्यास पायऱ्यांवर नित्याचे चालणारे पुणेकर भेटतात आणि वरून सारे शहर दिसते. सारसबागेतील गणपतीला जुने लोक ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, कारण पूर्वी तेथे खरोखर तळे होते आणि मंदिर मधल्या बेटावर होते. तळे आटवून त्याची बाग झाली आणि नावात तेवढे पाणी राहिले.

लहान मुलांना कोठे न्यावे?

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि त्यातील सर्पोद्यान मुलांना आवडते. बुधवारी ते बंद असते, हे विसरून दूरवरून आलेली कुटुंबे दाराशी उभी असलेली नेहमी दिसतात. आवार मोठे आहे, म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या सोबत असाव्यात. कर्वे रस्त्यालगतचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लहान जागेत असले तरी तेथील गाड्या, सिग्नल आणि स्थानके प्रत्यक्ष चालताना पाहून मोठी माणसेही रमतात. कर्वेनगरात जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची एकेकाळी जी ओळख होती, ती नातवंडांना समजावून देण्यासाठी आजोबांनी त्यांना तेथे न्यावे.

विज्ञानाची आवड असलेल्या मुलांसाठी २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, राखून ठेवावा. त्या सुमारास विद्यापीठ परिसरातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सर्वांसाठी खुली असते, आणि नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीणही पाहता येते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मिळून ही दुर्बीण होते.

अभ्यासू पर्यटकांसाठी आणखी काय आहे?

आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे सांस्कृतिक संग्रहालय येथे प्रथम सांगावे लागेल. वारली चित्रे, बोहाडा या सोंगांच्या उत्सवातील मुखवटे, वाद्ये, दागिने आणि शिकारीची साधने असा महाराष्ट्रातील आदिवासी समाजांचा संग्रह तेथे आहे, आणि इतक्या मोलाच्या ठिकाणी गर्दी क्वचितच असते, याची खंत वाटते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व आणि मराठ्यांच्या इतिहासाची संग्रहालये आहेत. इनामगावसारख्या उत्खननांतून महाराष्ट्रातील सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांविषयी जे कळले, ते या संस्थेच्या संशोधकांमुळे. ही शैक्षणिक संस्था असल्यामुळे कामकाजाच्या दिवशी आणि आधी विचारून जाणे उचित ठरते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर हे मुळात ग्रंथांचे आणि हस्तलिखितांचे घर आहे. पर्यटक म्हणून तेथे फार हिंडता येत नाही, पण महाभारताची चिकित्सक आवृत्ती जेथे सिद्ध झाली ती वास्तू बाहेरून पाहतानाही आदर वाटतो.

सिंहगडावर जाताना काय ध्यानात ठेवावे?

गड शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पायथ्यापर्यंत पीएमपीच्या बस जातात. तेथून पायवाटेने चढता येते, किंवा घाटरस्त्याने वाहन वर नेता येते. सुट्टीच्या दिवशी घाटात वाहनांची रांग लागते, आणि पावसाळ्यात दरडींमुळे रस्ता बंदही ठेवावा लागतो, म्हणून शक्य तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे निघावे.

फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी हा गड घेताना प्राण दिले. त्यांचे स्मारक, छत्रपती राजाराम महाराजांची समाधी, कल्याण दरवाजा, देवटाके आणि लोकमान्य टिळकांचे विश्रामस्थान असलेला बंगला ही येथील मुख्य ठिकाणे होत. ‘गड आला पण सिंह गेला’ या उद्गारांशी गडाचे नाव जोडले जाते. परंतु १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळते. घोरपडीची गोष्टही लोककथा मानावी. तानाजींचा पराक्रम या दोन्ही गोष्टींवाचून जराही उणा होत नाही. वर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही मिळते. ते देणाऱ्यांत गडावरची आणि आसपासच्या वाड्यांतली घरे आहेत, म्हणून डबा नेण्याऐवजी तेथेच जेवावे. मात्र प्लास्टिकचा कचरा आपल्यासोबत खाली आणावा.

कार्ले आणि भाजे ही दोन्ही लेणी एका दिवसात होतात का? आधी कोणती पाहावीत?

होतात, आणि लोकल गाडीने उत्तम होतात. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. आधी भाजे पाहावे असे आम्ही सुचवतो, कारण ती अधिक जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली आहेत. तेथील चैत्यगृहाचे, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचे, खांब आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत भार तोलण्यासाठी खांब तिरपे ठेवत. दगडात त्याची गरज नव्हती, तरी कारागिरांनी हाताची सवय सोडली नाही. बाहेरच्या बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे आणि विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासात, तबल्यासारखे वाद्य वाजवणाऱ्या स्त्रीचे प्रसिद्ध शिल्प आहे.

मग कार्ल्याला गेले की त्या सुरुवातीचा परमोत्कर्ष दिसतो. भारतातील खोदीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे मानले जाते. छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत आणि त्या आजही जागेवर आहेत. पेशव्यांचे महाल शंभर वर्षे टिकले नाहीत, त्या मानाने हे लाकूड किती भाग्यवान! खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपल्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे म्हटले आहे, आणि आत उभे राहिल्यावर ते पटते. चैत्यगृहाच्या अगदी शेजारी एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी असल्यामुळे चैत्र यात्रेच्या आणि नवरात्राच्या दिवसांत तेथे अलोट गर्दी असते. लेणी निवांत पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत. देवीचे दर्शन हाच हेतू असेल तर अर्थातच तेच दिवस योग्य.

कोणत्या ऋतूत यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. गणेशोत्सवात पेठांतील रस्ते वाहनांना बंद असतात आणि संग्रहालये पाहणे अवघड होते, परंतु मानाचे पाच गणपती पाहण्यासाठी तेच दिवस आहेत. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आषाढी वारीत पुण्यात मुक्काम करतात, तेव्हा नाना पेठ आणि भवानी पेठ वारकऱ्यांनी फुललेली असते. त्या दोन दिवसांत स्थळदर्शन बाजूला ठेवावे आणि पेठांतूनच चालावे.

शहरात हिंडण्यासाठी काय सोयीचे आहे?

जुन्या पेठांसाठी मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके सोयीची आहेत; आगाखान पॅलेससाठी कल्याणीनगर स्थानकावर उतरावे. स्वतःची चारचाकी पेठांत नेऊ नये, कारण ती ठेवण्याची जागा शोधण्यातच सकाळ जाते. एका दिवसात ओझरते दर्शन पुरेसे असेल त्यांनी पीएमपीची ‘पुणे दर्शन’ बस घ्यावी.

वृद्ध आईवडिलांना सोबत घेऊन आलो तर?

आगाखान पॅलेस, फुले वाडा आणि सारसबाग ही ठिकाणे त्यांना झेपतील. केळकर संग्रहालयात मजल्यामजल्यांवर जाण्यासाठी जिने आहेत, पर्वतीला शंभरावर पायऱ्या आणि कार्ल्याला सुमारे साडेतीनशे. पाताळेश्वराला थोडेसे उतरावे लागते, पण हात धरून सहज नेता येते.

पाहुण्यांच्या नजरेतून सहसा सुटणारी एखादी जागा सांगाल का?

दोन सांगतो. वानवडीची शिंदे छत्री ही महादजी शिंदे यांची समाधी. फेब्रुवारी १७९४ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. जुने शिवमंदिर आणि नंतर त्याला जोडलेले, रंगीत काचांच्या खिडक्यांचे पाश्चात्त्य वळणाचे सभागृह एकाच आवारात आहे. दुसरी जागा सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिर. १७५४ मध्ये भीमजीगिरी गोसावी यांनी त्याचे बांधकाम सुरू केले. घरांच्या गर्दीत दडलेल्या या काळ्या पाषाणाच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती आणि यक्ष आहेत, आणि त्यांच्यात गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाईही कोरलेले आहेत. दुपार कलली की दर्शनी भिंत नीट निरखता येते. गेंडा शोधायला मात्र मुलांनाच सांगावे, त्यांना तो आधी सापडतो.